ओठातल्या गाठीचं माप

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा स्वभाव, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. माझ्या खालच्या ओठाच्या आत हरभऱ्याएवढी गाठ आली आहे, एवढंच.

पस्तीस वर्षं टाचण्या ओठात धरून कपडे बेतले, त्याचं हे बक्षीस. पण जिवाला घोर लागायचा तो लागलाच. त्यात मी पडलो शिंपी, मापाशिवाय चैन पडेना. रोज सकाळी आरशापुढे ओठ उलटा करून टेप लावायचो आणि मापांच्या वहीत हाताला येईल त्या पानावर आकडा टिपायचो. एकदा जरा बरं वाटलं म्हणून लिहिलं, ‘एक सूत कमी’. ते पान नेमकं वकीलसाहेबांच्या कोटाचं. आमच्या कारागिराने इमानेइतबारे गळा एक सूत आवळला. (वकीलसाहेब हल्ली मान वळवत नाहीत, अख्खे वळतात.)

मग टॉर्च घेऊन आणखी आत पाहिलं, तर जिभेच्या मुळाशी फोडांची रांगच! हिचं तोंड पाहिलं, तिलाही तेच. नवा जावई पहिल्यांदाच जेवायला आला होता, त्याला ताटावर बसण्याआधी ‘आ’ करायला लावलं. त्यालाही! घरात साथ शिरली म्हणून मी सगळ्यांची भांडी वेगळी केली. जावई अर्धपोटी गेला.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, जिभेमागचे ते उंचवटे जन्मापासून सगळ्यांनाच असतात. ओठातलं म्हणाल तर कुणाचं तोंड येतं, कुणाला दाताची धार घासते. तुमचा ओठ टाचण्या धरताना चावला जात असणार, त्याने थुंकीची बारीक नळी तुंबून फुगते. बहुतेक आपोआप जाईल. तेव्हा मी निश्चिंत आहे, तूही काळजी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांचा. तीन आठवड्यांत गेली नाही तर परत या, काढून तपासायला पाठवू, असंही म्हणाल्या होत्या. आज पाचवा आठवडा आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. सोमवारी दहाची वेळ घेतली आहे. ताई, मला भीती वाटते गं. तू ये. दुखेल का, हे मला बाईंना विचारवत नाही. तेवढं तू विचार.