चकतीवरच्या रेघा

बाम्बर्ग
२८ मे १९९६

ती. नोलीन आईंना,
रोवीनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मरीमामांनी पाठवलेली ओमारूच्या वर्तमानपत्राची कात्रणं पोचली. आम्ही दोघं खुशाल आहोत. ॲलिस्टरचं कंत्राट आणखी एका वर्षाने वाढलं, त्यामुळे डुनेडिनच्या शाळेतली माझी जागा आता कायमची गेली असं धरून चाला. आठवडाभर तो कारखान्यात असतो आणि मी घरात. माझं जर्मन अजून 'एक पाव द्या' आणि 'माफ करा' एवढ्यावरच अडलंय. घरमालकीण फ्राऊ डॉटरवाइख मला रोज काहीतरी शिकवते. मागे एका रविवारी मी कपडे वाळत घातले, इथे ते चालत नाही, तर ती अशी धावत आली की मला वाटलं घराला आग लागली.

पण शुक्रवार संध्याकाळ झाली की आमचं नशीब पालटतं. ॲलिस्टर गाडी चालवतो, मी मांडीवर नकाशा घेऊन चुकीची वळणं सांगते. महिन्याभरात ड्युसेलडॉर्फ झालं, ब्रुसेल्स झालं, आणि या पेंटेकोस्टच्या सणाला एर्लांगेनच्या टेकडीवरची बिअरची जत्रा झाली. झाडांखाली हजारो माणसं बाकांवर उभी राहून गातात, लिटर-लिटरचे मग आपटतात, आणि अनोळखी म्हातारे तुम्हाला हाताला धरून नाचवतात. इथे आमच्या गावात धुराचा वास असलेली बिअर मिळते. पहिला पेला घशाखाली उतरत नाही, हॅम पाण्यात कालवून प्यायल्यासारखं वाटतं. तिसऱ्यापासून बरी लागते असं इथले लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

मामांच्या गॅरेजच्या भिंतीसाठी पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या पाठवतेय. जत्रेत चकत्या नसतात, बाकी दर गावच्या दोन, एक ॲलिस्टरची आणि एक माझी. वापरलेल्या आहेत, म्हणजे खऱ्या. मामांना सांगा, डाग पुसू नका.

लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत आखडू देऊ नका.

तुमची,
रोवीना


ओमारू
१० जून १९९६

चि. सौ. रोवीनास,
नोलीनचे अ. आ.

पाकीट मिळालं. मरी लहान पोरासारखा नाचला आणि त्याच दिवशी खिळे घेऊन गॅरेजमध्ये गेला. इथे हिवाळा लागलाय, सकाळी गवतावर हिम असतं, माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

आता जे लिहायचंय ते लिहिते. त्या चकत्यांच्या कडेला पेन्सिलीच्या रेघा आहेत. मरीला वाटलं ती छपाईच आहे. पण आमच्या पावाच्या दुकानात जी जर्मन बाई असते, तिला त्याने कौतुकाने दाखवल्या. ती हसली आणि म्हणाली की पेला आणला की वेटर एक रेघ मारतो, शेवटी रेघा मोजून हिशेब होतो. मरीने ते मला गंमत म्हणून सांगितलं. घरी येऊन मी चष्मा लावला आणि सगळ्या चकत्या टेबलावर मांडल्या. बाम्बर्ग: एकीवर एक रेघ, दुसरीवर सात. ब्रुसेल्सच्या कोऱ्या आहेत. ड्युसेलडॉर्फ: एकीवर दोन, दुसरीवर चौदा. एक-दोनवाली तुझी, हे सांगायला मला जर्मन बाई नको.

तुला त्याने कधी सांगितलंय का ते मला ठाऊक नाही. आमच्या काळी बार संध्याकाळी सहाला बंद होत. पुरुष पाचला कामावरून सुटायचे आणि त्या एका तासात मिळेल तेवढी ढोसायचे. सवासहाला गाव झिंगलेलं असायचं आणि आम्ही बायका खिडकीशी. सदुसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये डोनाल्डने काकानुईच्या पुलावरून गाडी खाली घातली. ॲलिस्टर पाच वर्षांचा होता आणि बापाशेजारी बसलेला होता. तो वाचला. डोनाल्ड नाही.

ॲलिस्टर डोनाल्डसारखाच हसतो, डोनाल्डसारखाच चालतो. रोवीना, तू लिहिलंस की गाडी तो चालवतो. मला आता घड्याळात सहा वाजलेलेही बघवत नाहीत, आणि तिकडे तेव्हा सकाळ असते हे ठाऊक असून बघवत नाहीत. तू शहाणी आहेस. त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेव. मी त्यालाही वेगळं लिहितेय.

उत्तर लगेच धाड. माझा जीव तुझ्या पाकिटावर टांगलाय.

नोलीन


बाम्बर्ग
२० जून १९९६

ती. आईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ जिन्यातच बसून राहिले. काकानुईचं त्याने मला सांगितलं होतं, पण एवढंच की अपघात झाला. तो स्वतः त्या गाडीत होता, हे नाही.

तुम्ही उगीच घाबरू नका. ड्युसेलडॉर्फचे पेले बोटभर उंचीचे असतात, आपल्याकडे त्यातून मुलांना दूधही देणार नाहीत. चौदा रेघा म्हणजे फार नव्हेत. आणि त्या दिवशी आम्ही तिथेच मुक्काम केला होता, गाडी हलवलीसुद्धा नाही. मी लक्ष ठेवेन. वचन देते.

मागच्या शनिवार-रविवारी पिल्झेनला गेलो होतो. तळघरं पाहिली, बदक खाल्लं. मी एका पायरीवरून घसरले आणि गुडघा फोडून घेतला, तेव्हा आता आपल्या दोघींचे गुडघे कुरकुरतात. ॲलिस्टरने ठरल्यापेक्षा आधीच परत निघायला लावलं. कामाचा ताण असेल.

या वेळी चकत्या आणायच्या राहिल्या. मामांची माफी मागा.

आपला लोभ हाच मला इथे आधार.

रोवीना


बाम्बर्ग
१ जुलै १९९६

ती. आईस,
ॲलिस्टरचा शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस तसं सरळ उत्तर देतो. हो, त्या रेघा माझ्याच. नवीन देश, नवी माणसं, थोडं जास्त झालं. आता आवरलंय.

बाबांच्या वळणावर मी जाणार नाही. आणि परतताना हल्ली गाडी रोवीनाच चालवते, तेव्हा ती भीती तरी मनातून काढून टाक. तिला याबद्दल फार लिहीत जाऊ नकोस. ती इथे दिवसभर एकटी असते, मनाला लावून घेते.

छपराच्या पन्हळीत पानं अडकली असतील, मरीमामाला सांग. तू शिडीवर चढू नकोस.

तुझा,
ॲलिस्टर


ओमारू
१२ जुलै १९९६

चि. सौ. रोवीनास अ. आ.

काल ॲलिस्टरचं पत्र आलं. त्याने कबूल केलं. वाचून रडले, आणि मग एकोणतीस वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली, कारण गाडी तू चालवतेस असं त्याने लिहिलंय. हे तू मला आधी का नाही कळवलंस? नवऱ्याची बाजू सांभाळत होतीस, हो ना? मी पण हेच करत आले. डोनाल्डला पडसं झालंय असं मी शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय की त्याला क्षय आहे अशी गावात बोलवा उठली होती.

आता माझं ऐक. गाडीच्या किल्ल्या तुझ्याजवळ ठेव. शनिवार-रविवारीच नव्हे, कायम. तो मागेल, हसेल, चिडेल, मला काही होत नाही म्हणेल. देऊ नकोस. हे पत्र त्याला दाखव आणि म्हण, आईची आज्ञा आहे.

तू आहेस म्हणून माझं पोर जिवंत राहील असं मला वाटतं. एवढं मी सुनेला लिहावं असं कधी वाटलं नव्हतं.

तुझ्या भरवशावर असलेली,
नोलीन


बाम्बर्ग
३० जुलै १९९६

ती. नोलीन आईंना,

नमस्कार लिहायचाही धीर होत नाही. आधी हे वाचा: ॲलिस्टर जिवंत आहे, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही. दुसऱ्या कुणालाही काही झालेलं नाही.

त्या रेघा माझ्या आहेत. सात माझ्या, चौदा माझ्या. एक-दोनवाली चकती त्याची. तो एक पेला मागवतो आणि सबंध बैठक तोच पुढ्यात ठेवून बसतो. तुम्ही उलटं धरलंत आणि मी तसंच राहू दिलं. तुमच्या मुलावर आळ घेऊन मी महिनाभर सुखात होते. मग त्याने तो स्वतःवर घेतला, हे मला तुमच्याच पत्रातून कळलं. मी त्याला विचारलं, तर म्हणाला की आईला माझी काळजी करायची सवय आहे, तुझीही कशाला करायला लावू.

तसं पाहिलं तर शनिवार-रविवार हे निमित्त आहे. आमच्या गल्लीत बिअरच्या कारखान्याची एक खिडकी आहे. घरचा जग घेऊन गेलं की भरून देतात. इथल्या म्हाताऱ्या रात्रीच्या जेवणासाठी नेतात. मी सकाळी अकराला नेते. खिडकीतली बाई पूर्वी काहीतरी विचारायची, मला कळायचं नाही म्हणून मी हसायचे. आता ती विचारत नाही, जग घेते आणि भरते. त्या बाईशी मी रोज बोलते तेवढंच माझं बोलणं.

तुमचं किल्ल्यांचं पत्र आलं तेव्हा ते मी त्याच्यासमोर धरलं. गाडी मी चालवते हे त्याने तुमच्या समाधानासाठी लिहिलं होतं; मे महिन्यापासून किल्ल्या तो लपवून ठेवत होता, कुणापासून ते तुम्हाला आता कळलं असेल. मी म्हटलं, आईंची आज्ञा आहे. मी महिनाभर बिअर सोडते, तू एकदा विश्वास ठेवून बघ. त्याने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी सात दिवस खरंच सोडली होती.

शनिवारी आम्ही फोर्खहाइमच्या जंगलातल्या जत्रेला गेलो. मला दाखवायचं होतं की जत्रेतही मी राहू शकते. तिथे चकत्या नाहीत, रेघा नाहीत. आपणच खिडकीवर जाऊन बिअरचा मग आणायचा. मी त्याच्यासमोर एक प्यायले. बाकीचे खिडकीशी उभ्या उभ्या. मुळ्याचे मीठ लावलेले काप आणते म्हणाले, भाजलेला मासा आणते म्हणाले, आणि खरोखर आणलेही. चार वाजता लख्ख उन्हात मी गाडी सुरू केली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. विचारलं नाही.

चेरीच्या बागांमधल्या वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि मी सरळ गेले. कुंपण मोडलं, दोन झाडं मोडली. गाडी थांबली तेव्हा मी ओरडत होते आणि तो अजिबात आवाज करत नव्हता. दोन्ही हातांनी पुढची फळी धरून बसला होता. बागवाला आला, पोलीस आले, तरी त्याचे हात सुटेनात. एकेक बोट त्यांना उघडावं लागलं. तेव्हा मला कळलं की मी त्याला परत कुठे नेऊन बसवलं.

माझा परवाना गेलाय. तो माझ्याशी प्रेमाने बोलतो, चहा करून देतो, आणि काल त्याने मला न सांगता रजा काढली. मला माझीच भीती वाटते. उद्या अकरा वाजता मी काय करेन ते मला माहीत नाही.

लोभ ठेवा असं लिहायचा हक्क मला नाही.

रोवीना


ओमारू
८ ऑगस्ट १९९६

चि. सौ. रोवीनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्या दिवशी मी तुला फार शिव्या दिल्या. मोठ्याने, स्वयंपाकघरात. मरी गॅरेजमधून धावत आला. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितलेली नाही. मरीला नाही, पाद्रीला नाही, ॲलिस्टरला तर नाहीच.

सगळ्यांना वाटतं डोनाल्डने घरी येताना पोराला रस्त्यात उचलून गाडीत घेतलं. तसं नव्हतं. त्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि तो लवकर यायला हवा होता. बायकांनी बारच्या दारात जायचं नाही असा तेव्हा रिवाज होता. जी जायची तिला दुसऱ्या दिवशी दुकानात माणसं बघून हसायची. म्हणून मी पाच वर्षांच्या पोराला पाठवलं. म्हटलं, जा, बाबांना हात धरून घेऊन ये. बार आमच्या घरापासून दोनशे पावलांवर होता. त्याने हात धरून आणलंच होतं, पण डोनाल्डला गाडीतून जरा फिरून यायची लहर आली. लाजेखातर मी पोर पाठवलं. त्या लाजेने एकोणतीस वर्षं माझं तोंड बांधून ठेवलं. तू दोन महिन्यांत उघडलंस. मला तुझा राग आहे, तो राहील. पण तू माझ्यापेक्षा धीट आहेस, हे मला लिहायलाच हवं.

आणि किल्ल्या तुझ्या हातात द्यायला मीच लावलं. बाई म्हणजे शुद्धीत असणारच, पुरुष म्हणजे पिणारच, एवढंच मला या आयुष्याने शिकवलं होतं.

उद्यापासून पिऊ नकोस असं मी लिहिणार नाही. लिहून काही होत नाही, ते डोनाल्डपायी शिकले. पण अकरा वाजता तो जग घेऊन जिना उतरण्याआधी फ्राऊ डॉटरवाइखचं दार ठोठाव. तुझं जर्मन तिला कळलं नाही तरी चालेल. ती ओरडेल. ओरडू दे. ती ओरडतेय तोवर तू एकटी नसशील.

मी येतेय. आयुष्यात आपलं दक्षिण बेट सोडून कुठे गेले नाही आणि विमान या वस्तूवर माझा काडीचा विश्वास नाही. तिकीट काढल्यापासून जेवण जात नाही. गुरुवारी, २९ ऑगस्टला सकाळी फ्रँकफर्टला उतरेन. ॲलिस्टरला कामावर जाऊ दे. मला न्यायला तू ये, रेल्वेने ये. दारातून बाहेर आले की मला तुझंच तोंड दिसलं पाहिजे.

एक आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तिथे वाईट वाटायला नको. तुला जवळ घेताना मी तुझा वास घेईन. मला त्याशिवाय राहवणार नाही, जुनी सवय आहे. वास आला तर मी रडेन, चारचौघांत रडेन. पण परत फिरणार नाही.

नोलीन