बाबांच्या तोंडाची चव

आत-बाशी,
१२ नोव्हेंबर १९९८

लाडक्या धाकट्या भावा उलारबेक,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे बाबा अंथरुणावर आहेत.

तुझं पत्र पोचलं. अंकाऱ्यात बसून तू चवीच्या शब्दांची मुळं शोधतोयस आणि बाबांना विचार म्हणतोस. विचारलं. आधी म्हणाले, "किरगिझ शब्द शोधायला तुर्कांच्या देशात गेलाय, शहाणा." मग पाठीशी उशी घेऊन बराच वेळ बोलले.

'तात्तू', म्हणजे गोड, हा 'तात', म्हणजे चाखणं, यातूनच निघाला म्हणे. "जुनी माणसं अर्धपोटी असायची. जे चाखायला मिळेल ते गोडच लागायचं." 'आचू'चं विचारल्यावर हसले. आंबणं आणि ठणकणं यांचं मूळ एकच, त्यातूनच कडूही आचू आणि रागही आचू. "त्याला म्हणावं, यासाठी ग्रंथालय कशाला? घरात मुबलक होतं की."

मजेत होते. पण मटणाचा रस्सा पुढे केला तर म्हणाले, "मीठ विसरलीस." मी दोनदा घातलं होतं. त्यांच्या तोंडाला चवच उरली नाही. नारिनचे डॉक्टर म्हणतात, पोटात गाठ आहे, बर्फ वितळेपर्यंत बाबा तग धरतील असं वाटत नाही.

धाकट्यानं आईबापांपाशी राहायची रीत सोडून निघायचं, यावरून तुझं-बाबांचं भांडण झालं ते झालं. पण तू नान न चाखता उंबरा ओलांडलास. आपल्यात परका माणूसही तुकडा तोंडात टाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तुला माहीत नसेल, आई नान घेऊन गाडीमागे निघाली होती. बाबांनी तिचा हात धरला. परवा तिला म्हणाले, "तेव्हा तुला अडवायला नको होतं मी." आई नुसती रडली.

काल त्यांनी शेजारी, भाऊबंद सगळ्यांना बोलावून घेतलं. मी तुमच्यावर राजी, मनात काही आकस नाही, तुम्ही माझ्यावर राजी आहात ना? हे आपल्याकडे कधी विचारतात ते तुला सांगायला नको. एकेकानं हात हातात घेऊन "राजी" म्हटलं. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "उलारबेकला लिही, मी राजी आहे."

"आणि तो आहे का, असं विचारू?"

"ते नको विचारूस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

म्हणून मी विचारलेलं नाही, असं समज. आणि याचं उत्तर मला पत्रानं नको.

तुझी थोरली बहीण, तुझी एजे,
जिपार