सारख्या दोन डिस्क

३ जानेवारी

थोरल्या भाऊजींनी आज सदरच्या बाजारातून हार्ड डिस्क आणली. एक नाही — दोन! काळ्या, तळहाताएवढ्या, जुळ्या बहिणींसारख्या.

हॉलमधला कॉम्प्युटर महिनाभर घरघरतोय. या घराचं सगळं त्याच्या पोटात आहे — दोन्ही भावांची लग्नं, माझ्या गोपिकाचं बारसं, सासऱ्यांचे शेवटचे फोटो, रामटेकच्या सहली. शिवाय भाऊजींची जुनी गाणी आणि माझ्या नवऱ्याचे, पियूषचे, सिनेमे. तो बंद पडायच्या आत सगळं डिस्कवर हलवायचं, हे ठीक. पण दोन कशाला?

विचारलंच मी. भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "एक बिघडली तं?"

त्यांचं चष्म्याचं दुकान, तेव्हा पुसायची सवय जुनी. पण दुकानात ते गिऱ्हाइकाकडे बघून बोलतात. माझ्याकडे बघितलं नाही.

६ जानेवारी

काम रितिकाताईंनी अंगावर घेतलंय. म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी! दळण आणायला सांगितलं की ज्यांचा गुडघा दुखतो, त्या दुपारभर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून फोटो हलवताहेत. कानात इअरफोन. मी शाळेतून आले, पाठीमागून गेले, तर झटकन खिडकी बंद. स्क्रीनवर नुसतं निळं.

"काय पाहून राहिल्या, ताई?"

"काही नाही वं. कॉपी होऊन राहिलं."

कॉपी व्हायला इअरफोन लागतात, हे मला नवीन.

८ जानेवारी

स्वयंपाकघरात पाय टाकला की बोलणं थांबतं. आज दोनदा झालं. दुसऱ्यांदा तर आई — सासूबाई — एकदम वांग्यांच्या भावावर आल्या. वांगी या घरात आठवडाभर आलेली नाहीत.

१० जानेवारी

कॉम्प्युटर सांगतो, चार तास उरले. थोड्या वेळाने — अकरा मिनिटं. मग — दोन दिवस. पियूषच्या "निघालोच"सारखं आहे याचं.

त्याच पियूषला आज सगळं सांगितलं. बोलणं थांबणं, इअरफोन, दोन डिस्क. आणि ताईंचा धाकटा भाऊ बदली होऊन नागपुरात येतोय, हेही. त्याला घर लागणार. वरचा मजला आमच्याकडे. दोन अधिक दोन करायला गणिताची बाई असायची गरज नाही — मी तर आहेच.

मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुले सगळ्यातच काहीतरी दिसते."

माझा नवरा म्हणजे भोळा सांब. उद्या याच्या बुडाखालची चटई ओढली तरी हा म्हणेल, धुवायला नेली असेल.

१४ जानेवारी

संक्रांत. ताईंनी तिळगूळ हातावर ठेवला आणि पुढे गेल्या. गोड राहू दे, तिखटही काही बोलल्या नाहीत.

दुपारी सगळी गच्चीवर पतंगांच्या नादात. मी चहाचे कप घ्यायला खाली आले. ताई कॉम्प्युटरपुढे. या वेळी माझी चाहूल लागली नाही त्यांना.

गोपिकाचं बोरन्हाण लावलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, ताईंच्या मांडीवर बसलेली. डोक्यावरून बोरं-मुरमुरे पडताहेत आणि ही रडायचं सोडून एकेक मुरमुरा वेचून ताईंच्या तोंडात घालतेय. त्या दिवशी माझा बी.एड.चा पेपर होता. मी त्या व्हिडिओत कुठेच नाही.

ताई रडत होत्या. आवाज न करता.

मला बघून पदर डोळ्याला लावला. "स्क्रीननं डोळे चुरचुरते."

ताईंना मूल नाही. गोपिका त्यांना मोठी आई म्हणते, जेवण त्यांच्याच हातचं मागते, वेणीही त्यांनीच घालायची. मला कधीकधी राग येतो, खोटं कशाला लिहू. पण आज राग दुसराच आला. एवढी माया उतू चाललीय, तर मग आम्हाला वरून हाकलायचे बेत कसे करवतात? का पोरीचे व्हिडिओ ठेवून घ्यायचे आणि पोरीला आईबापासकट बाहेर काढायचं?

वाईट विचार आहे. पण आला.

१७ जानेवारी

आज तर कमाल झाली. शाळेतून आले तर आई माळ्यावरची भांडी खाली काढून बसलेल्या. एकेक उचलायची, उजेडात धरून कोरलेलं नाव वाचायचं आणि बाजूला ठेवायचं. दोन ढीग. एका ढिगाच्या वरच्या भांड्यावर वाचलं — "चि. मयुरा हिस कौशल्या मावशीकडून". त्याखालचं पातेलं माझ्या मामाचं. पूर्ण ढीग माझ्या लग्नातला!

"हे काय, आई?"

"भांडे काळे पडले वं. घासाले काढले."

स्टीलची भांडी. आणि काळी पडली ती नेमकी माझ्याच माहेरची!

मी वर आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बारा वर्षं झाली या घरात. कुरकुर मी करते. भाजी कधी माझ्या मनासारखी होत नाही, टीव्हीचा रिमोट कधी हाताला लागत नाही. पण कुरकुर करणं वेगळं आणि जाणं वेगळं. माझी आई गेली त्या आठवड्यात मला ताटावर बसवून, एकेक घास पुढे करून जेवायला लावणाऱ्या सासूबाई आणि ताई, या दोघीच होत्या. मला इथून जायचं नाही. कोणी विचारलं तर सांगेन. पण कोणी विचारतच नाही.

१९ जानेवारी, रविवार

पियूष शहराबाहेर बेसाला गेला. तिकडे त्याचा मित्र आहे, हल्ली दर रविवारी जातो. भाऊजी दुकानात, आई आणि ताई देवळात. गोपिका शेजारी खेळायला.

मी दोन्ही डिस्क लावून बघितल्या. आधी एक, मग दुसरी.

वाटलं होतं, आमचं काहीतरी वगळलेलं असणार. निदान माझं तरी. पण नाही! माझं लग्न आहे. मंगळागौर आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी माईकवर अडखळले होते, तेही आहे. गोपिकाचा तर एकेक फोटो, हललेलेसुद्धा. जे हिच्यात तेच तिच्यात. पियूषचे भिकार सिनेमेदेखील दोन्हीकडे. ताईंनी फोल्डरांना नावंही नीट घातलीत — "गोपिका पहिलं पाऊल", "गोपिका कान टोचले", "गोपिका तापातून उठली". तापातून उठल्याचा फोटो काढलेला मला माहीतच नव्हता.

हे बघून माझा संशय फिटायला हवा होता. उलट वाढला. एका घरात राहणाऱ्या माणसांना घराचे फोटो दोन-दोनदा कशाला लागतात? जपून ठेवायचंच असतं, तर दुसरी डिस्क एव्हाना कपाटात गेली असती. या तर दोन्ही टीव्हीखाली शेजारी शेजारी ठेवल्यात. पाहुण्यांच्या बॅगा दाराशी ठेवतात तशा.

२३ जानेवारी

कॉपी संपली. ताईंनी कॉम्प्युटरवर जुना टॉवेल टाकला. जेवताना पियूषने दोनदा वरण मागून घेतलं.

२६ जानेवारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपून अकराला घरी आले. सगळे बैठकीत. भाऊजी दुकानात नाहीत, हेच आधी खटकलं.

भाऊजींनी दोन्ही डिस्क टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "बाबा आणि काका वेगळे झाले, तवा मोठ्यानं वाटे पाडले, लहान्यानं पहिले आपला वाटा उचलला. आपल्या घरची रीत आहे. बाकी गोष्टीत कमीजास्त होईन, फोटोत नको कोणाले. उचल गा, पियूष."

पियूष उचलेना. खाली बघत बसला.

"बरं. मयुरा, तू उचल."

मला वाटलं, झालं — आलं शेवटी ओठांवर. म्हटलं, "कशाचे वाटे, भाऊजी? आमाले काहून वेगळं काढून राहिले तुमी?"

महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही. थकल्यासारखं. "आता हे कशाले, मयुरा?"

आई देवघराकडे तोंड करून बसल्या. ताई उठून आत गेल्या.

तेव्हा पियूष बोलला. टेबलाकडे बघत. "बेसाले फ्लॅट घेतला. मार्चमध्ये ताबा आहे. सांगणारच होतो तुले."

मित्र नव्हता. फ्लॅट होता. आणि मी बावळट, दर रविवारी मित्रासाठी डब्यातून चिवडा देत होते!

गोपिकाने विचारलं, "मोठी आई पण येणार ना?" मी डिस्क उचलली नाही. अजून दोन्ही तिथेच आहेत.

२७ जानेवारी

पियूषशी बोलत नाही. ताई पोळ्या लाटत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुमाले सगळ्यांले माहीत होतं. मले एकटीलेच काहून नाही सांगितलं?"

त्यांचं लाटणं थांबलं. "तुले काय सांगाचं वं? पियूषभाऊ दिवाळीतच आईंले म्हणाले — मयुराले एकत्र नाही राहाचं, ती ऐकतच नाही, माहा इलाज नाही. आमी म्हटलं, तिच्याच मनात नाही तं कशाले अडवाचं."

"मी असं कधीच म्हटलं नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पोळी तव्यावर टाकली.

विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. त्यांच्या जागी मी असते, तर माझा बसला नसता.