धाकूला लोळवण्यासाठी लावे

१ जुलै १९८४, रविवार
आज सकाळी नळावर शेजारच्या धाकूने माझ्या कानाखाली वाजवली. अख्ख्या चाळीसमोर. कारण काय, तर माझा हंडा त्याच्या बादलीपुढे होता. मीच ठेवला होता, पण ते बाजूला. उलट हात उचलला नाही, कारण हातात साबण होता. शिवाय धाकू तालमीतला. संपात त्याची गिरणी गेली, अंग गेलं नाही.
बायकोने सगळं पाहिलं. हंडा उचलून खालच्या चाळीतून पाणी घेऊन आली. प्रेमा आपला नळ सोडून खाली जाते म्हणजे फार वाईट.
संकल्प : गटारीच्या आत धाकूला याच नळावर लोळवायचा. नंतर श्रावण. श्रावणात मी मारामारी करत नाही.

४ जुलै, बुधवार
कान अजून वाजतोय. दवाखान्यात इंग्रजी मासिक चाळलं. रानपक्ष्यांवर लेख. तित्तर, लावा वगैरे. अंगात चरबी जवळजवळ नाही, नुसतं प्रोटीन आणि लोह. धाकू दर रविवारी बसून फुगलेली ब्रॉयलर खातो. इथेच तो हरला.
शिजवायचं कसं ते पुढच्या पानावर होतं, पण तेवढ्यात माझा नंबर आला.

७ जुलै, शनिवार
कंपनीतला सहदेव बदलापूरहून येतो. त्याच्या घराजवळ जपानी लाव्यांचा फार्म आहे. त्याला सांगितलं होतं, सगळे नर आण. माद्या खाऊन काय परत मार खायचा? सहदेव म्हणाला, नर एका खोक्यात ठेवू नको. मी त्याला प्रोटीन म्हणजे काय ते समजावलं.
एकच खोकं. डझनभर लावे, मुठीएवढे.

८ जुलै, रविवार
खोकं उघडलं तर रक्तच रक्त. रात्रभर एकमेकांची डोकी सोलली मेल्यांनी. एकाचा डोळा फुटला. दोन खलास. प्रेमा म्हणाली, हे काय आणून ठेवलंत घरात. मी म्हटलं, बघ, हीच ताकद आता माझ्यात उतरणार.
मग थोडा वेळ खाली बसलो. उपाशीपोटी होतो म्हणून.

११ जुलै, बुधवार
एकादशी आड आली म्हणून थांबलो होतो. आज सुरी घेतली. लाव्याने आधी चोच मारली, मग सुरी माझ्याच अंगठ्यात घुसली. लावा सुटून थेट धाकूच्या दारात. धाकूने एका हाताने उचलला, मान पिरगळली आणि माझ्या हातात ठेवला. वर हसला. हाही हिशेबात धरला आहे.
प्रेमाने सुरी काढून घेतली. "तुमका जमाचा नाय. सरा बाजूक."
तिने आणखी दोन कापले. मी पाठ करून पाणी तापवत होतो. तेही कुणीतरी करायलाच हवं.

१३ जुलै, शुक्रवार
परवा कापलेल्यांचा स्वयंपाक त्याच दिवशी मी केला. कातडी सोलून टाकली, कारण असेल नसेल ती चरबी कातडीत. तेल नाही, खोबरं नाही. तव्यावर तासभर. प्रेमाचं म्हणणं, अंगात चरबी नाही त्याला वरून घालावी लागते, नाहीतर सुकतं; खोबऱ्याच्या वाटपात टाकून चटकन उतरवा. बायकांना डाएट कळत नाही.
लावा चपलेच्या पट्ट्यासारखा झाला. जोर लावून चावलो. दाढेचा तुकडा पडला. लोह असणार.

१९ जुलै, गुरुवार
दाढेमुळे फक्त सूप. म्हणजे उकळलेलं पाणी. उरलेले प्रेमा तेल-खोबऱ्यात करते आणि खाते. फेकायचे कसे म्हणते. खालच्या चाळीतून पाणी आणून आणून तिला भूकही फार लागते. डोक्यावर दोन हंडे, कडेवर एक.
तांदळाच्या गोणीवर ठोशांचा सराव केला. मनगट मुरगळलं. गोणीही थोडी हलली. आरशात उजव्या बाजूने पाहिलं तर दंड भरलाय.

२८ जुलै, शनिवार. गटारी
डाव्या हाताने लिहितोय.
संध्याकाळी पाणी आलं. धाकू झोकून आलेला. मी हंडा त्याच्या बादलीपुढे ठेवला. त्याने लाथेने उडवला. मी ठोसा मारला. धाकू बाजूला झाला, ठोसा नळावर बसला. मग त्याने मला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. दोनदा आठवतं. तोंडात रक्त आलं. मी पिंपामागे जागा घेतली, पुढचा डाव आखायला.
तेवढ्यात प्रेमा वरवंटा घेऊन आली. पहिला खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. हाड वाजलेलं मी पिंपामागे ऐकलं. धाकू चिखलात आडवा. त्याची बायको मालन रडत मधे पडली, नाहीतर तिसरा डोक्यातच होता. प्रेमाला असं कधी पाहिलं नव्हतं.
"परत माझ्या घोवाक हात लावलंस तर हात मोडून हातात देतलंय," म्हणाली.
मी पिंपामागून मान हलवून पाठिंबा दिला.

२९ जुलै, रविवार. श्रावण
आहाराचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी. गटारीच्या आत धाकू लोळला, तोही ठरल्या नळावर. लावे कुणी खाल्ले हा तपशील आहे.
मालनने निरोप पाठवला, यापुढे नळावर पहिला नंबर प्रेमावहिनींचा. मार खाताना चाळीने पाहिलं त्याचं काही वाटत नाही. पिंपामागे पाहिलं, त्याची लाज वाटते. सकाळी थोडं रडू आलं.
प्रेमाने विचारलं, हात दुखतोय का. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, मग हंडा भरून आणा.
गेलो. ही लांब रांग. पुढे सरकलो तर एका म्हातारीने अडवलं, तू कोण रे मधे घुसणारा.
मी म्हटलं, प्रेमाचा नवरा.
लगेच वाट दिली.