बैठा की बठ्ठा

२ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. अंकलेश्वरला रंगाच्या कंपनीत हेल्पर होऊन तीन वर्षं झाली. बास. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत ऑपरेटर. पाचोऱ्याच्या रूपालीचे मामा मोतीलालभाऊ मायला तोंडावर म्हणाले, हेल्परला पोरगी देणार नाही. ऑपरेटर झाला तर आखाजीला सुपारी फोडू.
फोडाच.

४ एप्रिल, जेवणाची सुट्टी
सुपरवायझर कानपूरचा. त्याने सांगितलं, रिअ‍ॅक्शन पळवायची तर तापवा, माल घट्ट घ्या, पूड बारीक करा, ढवळत राहा. आणि कॅटॅलिस्ट घाला. तो थोडासाच लागतो, बाकीच्यांना पळवतो आणि शेवटी स्वतः होता तसाच राहतो.
यात शिकायचं काय? माय भरताचं वांगं भाजताना ओंडका पेटवते का? पऱ्हाटी मोडून बारीक काड्या लावते. नववी नापास असून मला हे आधीच येत होतं.

५ एप्रिल
पेन संपला.

७ एप्रिल
खोलीतल्या स्वप्नीलला शिकवतोय. धरणगावचा आहे, माझ्यानंतर लागला. तो सगळं वहीत उतरवतो. मी डोक्यात ठेवतो. वही कच्च्यांना लागते.
मोतीलालभाऊंना माझी चौकशी करायची होती. स्वप्नीलचाच नंबर दिला. चेला आहे, चांगलंच सांगेल.

११ एप्रिल
आज ऑपरेटरच्या जागेसाठी माझी ट्रायल. कॅटॅलिस्ट एकेक मग टाकायचा, फेस खाली बसला की पुढचा. मशिनींचा आवाज. एक मग टाकला, फेस वर आला. सुपरवायझर वरून ओरडला, "बैठा? डाल!"
मला ऐकू आलं, बठ्ठा. आमच्याकडे बठ्ठा म्हणजे सगळा. म्हटलं, मानलं राव, माझ्यावर भरवसा दिसतो.
बठ्ठा टाकला. पूर्ण बादली.
फेस झाकणातून निघाला, जिना उतरला आणि सुपरवायझरच्या बुटापर्यंत गेला. बूट आता जांभळे. स्वप्नीलने पळत जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा थांबला. गार केलं की रिअ‍ॅक्शन मंद होते. हे त्याला कोणी शिकवलं? मी.

१२ एप्रिल
चूक माझी नाही, भाषेची. अर्धी कंपनी आपल्याकडची शे. सुपरवायझरने खानदेशी शिकायला नको? तसं त्याला सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "अब तू बैठा रह।"
या वेळी बरोबर समजलं.

१५ एप्रिल
स्वप्नील ऑपरेटर. पार्टी मी मागितली, हक्काने. मायचा फोन आला. काम व्हयनं का नही, विचारत होती. नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

१८ एप्रिल, धुळे स्टँड
हरलेलो नाही. उद्या मोतीलालभाऊंना समोर बसून सांगतो. मोठी गोष्ट बारीक करून सांगितली की पटकन विरघळते. नवा शर्ट घेतलाय. जांभळा नाही.

१९ एप्रिल, आखाजी. एरंडोल, घरी
मायने आमरस वाढला, पण वर बघितलं नाही. मोतीलालभाऊंनी चौकशीला स्वप्नीलला फोन केला होता. तो माझ्याबद्दल चांगलंच बोलला. मग त्यांनी विचारलं, आणि तुम्ही काय करता? तो म्हणाला, ऑपरेटर आहे.
सकाळी धरणगावला रूपालीची सुपारी फुटली.
माय म्हणाली, तूच जुळाडं.
खरंच आहे. त्याला शिकवलं मी. नंबर दिला मी. माझ्याशिवाय या दोन घरांना दोन वर्षं लागली असती. चार दिवसांत झालं.
मी होतो तसाच आहे. हेल्पर.