राक्षसीण आणि तीही जादूगार

प्रिय आई,

काल सायलीचा फोन आला होता. माझी पुण्याची मैत्रीण गं, दर रविवारी दुपारी लॅपटॉपवर आमचा खेळ चालायचा त्यातली. तुला जाऊन महिना होत आला, तिला आत्ता कळलं. बिचारी रडली. मग म्हणाली, "काकू किती लाजाळू होत्या ना! त्या दिवशी खेळात दोन शब्द बोलून पळाल्याच." आणि मी काय म्हणाले माहितीय? "हो गं, पहिल्यापासून तशीच होती."

तू आणि लाजाळू! नेकनूरच्या स्टँडवर एसटी न थांबवता नेली म्हणून दुसऱ्या दिवशी कंडक्टरला गाठून फैलावर घेणारी बाई तू. फोन ठेवला आणि माझी मलाच किळस आली. म्हणून लिहायला बसले.

आठवतंय, हट्ट तूच धरला होतास? मी तेव्हा घरूनच काम करत होते. दुपारी दुकान बंद करून यायचीस आणि माझ्या मागं बसून ऐकायचीस. एकदा म्हणालीस, "मला बी घ्या की गं. नुसतं बोलायचंच तर हाय."

मी समजावलं, यात सगळे मिळून बोलत बोलत एक गोष्ट रचतात. आधी आपलं पात्र ठरवून कागदावर लिहायचं. वंश कुठला, म्हणजे माणूस, बुटका, लांब कानाचा की राक्षस. मग पेशा. लढवय्या, वैद्य, चोर नाहीतर जादूगार. तू तर एकेका वंशाची स्थळ आल्यासारखी चौकशी केलीस! "हे लांब कानाचे ऱ्हातात कुठं? खातात काय? बुटक्याच्या बायकांला बी दाढी आसती का?" मी हसून हसून लोळले.

आणि निवडलंस काय, तर अर्धी राक्षसीण. पेशा जादूगार!

"आई, हे जुळत नाही," मी म्हणाले. "राक्षसाकडं ताकद असते, जादूला बुद्धी लागते. तिला कुऱ्हाड दे."

"कावून? अंगानं दांडगी आसली की डोकं नसतंय का?"

मी "बरं" म्हणाले आणि तुझ्या माघारी कागद बदलला. वंश माणूस, पेशा वैद्य. आई म्हणजे जखमा बांधायला, दुसरं काय! मागं उभी राहून सगळ्यांचं औषधपाणी करेल, फार नियमही शिकवावे लागणार नाहीत. दोन मिनिटांत उरकलं मी तुला.

रविवारी सगळे जमले. आमच्यातला ओंकार म्हणाला, "काकू, तुम्ही वैद्य ना?" तू माझ्याकडं पाहिलंस. मग सरळ लॅपटॉपकडं तोंड करून म्हणालीस, "न्हाई बाबा, मी ती न्हाई. थांबा, सांगते."

ओंकार हसला. वाईट नव्हता हसला, आज कळतंय. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात तीन वर्षं किती घासूनपुसून बोलत होते मी! मी पटकन हात पुढं केला आणि आपला माईक आणि कॅमेरा, दोन्ही बंद केले.

तुला ते कळलंच नाही. पडद्यावर पोरं दिसत होती, तू बोलत राहिलीस.

"माजी बाई लई उंच हाय. समदे म्हणतात, हिला वझी उचलायला लावा. पर तिला मंत्र पाठ हायत. मी बी तशीच होते. सातवीत पयली आलते. थोराड दिसती म्हणून आमच्या बापानं शाळंतून काढलं आन् लगीन लावलं. हितं तरी तिला शिकू द्या."

तेवढ्यात तिकडून सायलीचा आवाज आला, "काकू लाजून गेल्या वाटतं. चला पुढे."

तुझा चेहरा बघवत नव्हता. "लई बोलले का गं मी?" एवढंच विचारलंस आणि भाजी निवडायला गेलीस. त्यानंतर कधी माझ्या मागं येऊन बसली नाहीस. "तुमी खेळा, मला न्हाई जमत."

आई, त्यांना ऐकूच गेलं नव्हतं गं! कुणालाच नाही. तुझं सगळं दुःख ऐकून शिकलीसवरलेली पोरं 'चला पुढे' म्हणाली, हीच समजूत घेऊन तू गेलीस. त्यानंतर दोन वर्षं एका घरात होतो आपण. एक वाक्य बोलायचं होतं मला. लाज वाटली. आधी तुझी वाटली, नंतर माझी वाटायला लागली.

तू तरी का विचारलं नाहीस? वरणात मीठ कमी पडलं तरी जाब विचारायचीस की मला!

येत्या रविवारी सगळ्यांना पुन्हा खेळायला जमवून सांगणार आहे, मी काय केलं ते. तू जे बोललीस तेही सांगणार, तुझ्याच बोलीत, एक शब्द न बदलता. सायली-ओंकारला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो. आणि नवा कागद करणार आहे. वंश अर्धी राक्षसीण, पेशा जादूगार.

फक्त तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. तू ठरवलं असणारच. ती जागा मी कोरी ठेवेन आई, आता माझ्या मनानं काही लिहिणार नाही.

तुझी,
पिंकी