बिनफोडणीचा भात

प्रिय ताईबाई,

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. दुसरीतच शाळा सुटली, माझं अक्षर तुला ठाऊकच. रुपचंदरावांकडून वाचून घे, पण तुझ्या सासूसमोर नको.

माझ्या सुपडूच्या डोळ्यांची भीती अजून गेली नाही. तरी रोज चुलीवर भात टाकते. आपण भाकरीची माणसं, भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, एवढंच आपल्याला माहीत. आता मी त्यात मूठभर तूरडाळ, शेवग्याचा पाला, गाजर, गंगाफळाच्या पिवळ्या फोडी टाकते. पेज काढत नाही, गुरगुट्या शिजवते. वरून लसणाची फोडणी, तेल चांगलं चमचाभर. तेलाशिवाय पाला अंगी लागत नाही, असं दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या. मी वाडगं घेऊन भरवायला बसले की सासूबाई ओट्यावरून ओरडतात, "पोऱ्या शे का बकरी?" पोरगं आपलं गोड म्हणून आधी गाजरच मागतं.

होळीच्या सुमारास त्याला गोवर निघाला. सासूबाई म्हणाल्या, "घरमा फोडणी दिधी ते देवी कोपी जाई." मी ऐकलं. याच्या आधीचं माझं गेलं, म्हणून तर याला सुपात घालून सुपडू नाव ठेवलं. मग देवीशी वाकडं कोण घेणार? नुसता पांढरा भात आणि मीठ. गोवर मावळला, पण जुलाब थांबेनात, म्हणून पुढं महिनाभर तेच. तसं कुणी सांगितलं नव्हतं गं. मीच भ्याले होते.

मग दिवे लागायच्या वेळी तो वाडगं चाचपायला लागला. एकदा सगळा भात सांडला. मला वाटलं, लाडात आलाय. मी चापट मारली. तो रडला आणि मला घे म्हणून त्यानं हात पुढे केले ते, ताईबाई, मी बसले होते त्याच्या उलट्या बाजूला.

तरी बारा दिवस थांबले. हे इंजिनावर कोळसा टाकायला जातात, घरी असतात कधी? शेवटी मीच उचलून दवाखान्यात नेलं. तोवर डाव्या बुबुळावर पांढरं आलं होतं. तो डोळा गेला. उजवा वाचेल म्हणतात, माशाचं तेल देतात, रोज हे असं जेवण घालायला सांगतात. आईला अजून कळवलं नाही.

काल गावचा तोताराम आला होता. तुझ्या सुगंधीचा गोवर जाऊन पंधरा दिवस झाले आणि तू अजून तिला मीठभातच भरवतेस, असं बोलता बोलता म्हणाला. तो जाताच मी हे लिहायला बसले. आजच फोडणी दे. देवीला कोपायचंच असेल तर भुसावळला माझ्या बहिणीकडे जा म्हणावं. संध्याकाळी न बोलता सुगंधीपुढं वाडगं धर. तिनं चाचपलं तर सकाळ होऊ देऊ नकोस, साक्रीच्या दवाखान्यात ने. रुपचंदराव गाडी जुंपत नसतील तर पोरीला कडेवर घे अन् चालू लाग. लोक काय म्हणतील ते म्हणोत. मी वेळेवर निघाले नाही, तू नीघ.

तुझीच,
भिकुबाई